गणिताचें उत्तर आणि त्याचें एकक

विद्यार्थिमित्रहो, ‘उत्तर २’ एवढेंच लिहिणाऱ्या मुलास शिक्षक विचारतात, “दोन काय? मीटर कीं सेकंद?” संगणकावर बीजगणित सोडविणाऱ्या ज्या प्रणाली आज उपलब्ध आहेत, त्यांच्या उत्तरासही हाच प्रश्न विचारणें अवश्य असतें. ‘सिम्पाय’ व ‘मॅक्सिमा’ या त्यांपैकीं विनामूल्य मिळणाऱ्या दोन होत.

साधें गणनयंत्र √२ चे तत्काळ १·४१४ असे दशांश करितें. बीजगणिती प्रणाली मात्र √२ आणि π हीं चिन्हें जशींच्या तशीं राखून ठेवते. एककही तिच्या दृष्टीनें एक चिन्हच होय. ‘५ मीटर’ म्हणजे पांच गुणिले मीटर. दशांशांत आसन्न किंमत काढावयाची ती केवळ संख्येची. एककास धक्का लागतां कामा नये.

लंबकाचें उदाहरण घेऊं. लांबीस त्वरणानें भागावें, भागाकाराचें वर्गमूळ काढून त्यास २π नें गुणावें, म्हणजे एका आंदोलनाचा काल मिळतो. लांबी १ मीटर व गुरुत्वत्वरण ९·८ मीटर प्रतिसेकंद प्रतिसेकंद धरूं. मुळाच्या चिन्हाखालीं मीटरनें मीटर छेदला जाऊन सेकंदाचा वर्ग उरतो. त्याचें मूळ सेकंद. येथें ‘सेकंद’ ही राशि धन आहे, हें प्रणालीस ठाऊक असावें लागतें. कारण वर्गाचें मूळ ऋणही संभवतें. एककें अशीं सुटल्यावर शेवटीं संख्या काढावी. उत्तर २·००७ सेकंद.

हा क्रम सोडून आरंभींच π = ३·१ आणि १ ÷ ९·८ = ०·१ धरल्यास उत्तर १·९६ सेकंद येतें. फरक अल्प दिसतो. परंतु घड्याळांत तो राहिल्यास दिवसाकांठीं अर्ध्या तासाहून अधिक चूक होईल. आणि लांबी सेंटिमीटरांत मोजून एककावांचून नुसते १०० लिहिले, तर उत्तर २०·०७ येईल. संगणक त्याबद्दल अवाक्षरही काढणार नाहीं.

अशा मौनाची किंमत मोठी असते. अमेरिकेच्या नासा संस्थेनें ११ डिसेंबर १९९८ रोजीं ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हें यान मंगळाकडे धाडिलें. त्याच्या इंजिनांनीं दिलेल्या आवेगाचे आंकडे एका प्रणालीनें पौंड-सेकंदांत दिले. दुसरीनें ते न्यूटन-सेकंद समजून घेतले. एक पौंड बल म्हणजे सुमारें ४·४५ न्यूटन. मार्ग चुकून यान ठरल्यापेक्षां मंगळाच्या फार जवळ गेलें व २३ सप्टेंबर १९९९ रोजीं कायमचें हरपलें. त्या आंकड्यांच्या सोबत त्यांचें एकक गेलें असतें, तर चूक तेथेंच उघडकीस आली असती.

म्हणून, बालमित्रहो, वहीवर असो वा संगणकावर, एकक पहिल्या ओळीपासून संख्येच्या सोबतीस ठेवा, आणि दशांश अखेरच्या ओळींतच काढा.