आग बाहेर, ऊब आत : थंडीतली शेगडी आणि बाळंतिणीची खोली



डिसेंबर-जानेवारीत नागपूर-गोंदियाकडे आणि नाशिक जिल्ह्यात निफाडकडे पारा १० अंशांच्या खाली उतरतो. पत्र्याचे घर तर रात्री लवकरच गार पडते. मग शेगडीत किंवा जुन्या घमेल्यात कोळसे पेटवून ते खोलीत आणले जातात, दार-खिडक्या लावल्या जातात, फटींत चिंध्या कोंबल्या जातात. घरात बाळंतीण असेल तर तिच्या खाटेखाली निखारे ठेवतात आणि बाळाला ओवा-शेपाची धुरी देतात. यामागची माया खरी आहे. पण बंद खोलीतली शेगडी झोपेत जीव घेऊ शकते. ते कसे, आणि त्याऐवजी काय करावे, हे आम्ही या वेळी मांडत आहोत.

धूर संपला म्हणजे धोका संपला नाही

कोळसा किंवा लाकूड जळताना पुरेसा प्राणवायू मिळाला नाही की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो डोळ्यांना झोंबतही नाही. घरातली मोठी माणसे सांगतात, “निखारे फुलले, धूर गेला, आता शेगडी आत घ्या.” नेमकी येथेच फसगत होते. धूर न देणारे लाल निखारे हा वायू सोडतच असतात, आणि राखेखाली झाकलेले निखारेही तो तासन्‌तास सोडत राहतात.

आपल्या रक्तातले हिमोग्लोबिन फुप्फुसातून प्राणवायू उचलते आणि शरीरभर पोहोचवते. कार्बन मोनॉक्साइड या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. त्यामुळे श्वास चालू असूनही मेंदू आणि हृदय प्राणवायूवाचून तडफडू लागतात. आधी डोके दुखते, गरगरते, मळमळते, हातपाय गळून जातात. पुढे माणूस भ्रमतो आणि बेशुद्ध पडतो. झोपलेल्याला यातले काहीच कळत नाही. गरोदर स्त्रीच्या रक्तातला हा वायू वारेतून पोटातल्या बाळापर्यंत पोहोचतो. तान्हे मूल तर आपले डोके दुखते हे सांगूही शकत नाही.

शेगडीजवळ पाण्याची बादली ठेवली की धोका टळतो, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. पाणी हा वायू शोषून घेत नाही.

धुराला वाट हवी

लडाख-काश्मीरमध्ये घर तापवायला लोखंडी बुखारी वापरतात. युरोप-अमेरिकेतही लाकडाची बंदिस्त चूल घरात असते. मग तेथे ती कशी चालते? तिला झाकण किंवा दार असते, आणि धूर व वायू नळीवाटे छपराबाहेर जातात. उष्णता लोखंडातून खोलीत येते, विष मात्र बाहेर जाते. ही नळी तुंबली किंवा फुटली तर तेथेही माणसे दगावतात. म्हणून ती दरवर्षी साफ करून घेतात आणि घरात वायूची सूचना देणारी घंटा लावतात. आपल्या शेगडीला अशी नळीच नाही. तिचे सगळे विष खोलीतच साठते.

ही समज फार जुनी आहे. वैशालीत जीवक वैद्याने भिक्खूंच्या आरोग्यासाठी चंक्रमण आणि जंताघर, म्हणजे अंग शेकण्याची गरम खोली, सुचवली आणि भगवान बुद्धांनी त्यांना अनुमती दिली, असे विनयपिटकाच्या चुल्लवग्गात सांगितले आहे. लहान जंताघरात अग्नीची जागा एका बाजूला असावी आणि मोठ्यात मधोमध, असा बारकावाही तेथे आहे. त्याचबरोबर धूर बाहेर जाण्यासाठी ‘धूमनेत्त’ ठेवण्याची अनुमती आहे. शेकायला मनाई नव्हती, पण धुराची वाट आधी पाहिली गेली.

बाळंतिणीसाठी काय करावे

परंपरेने चालत आले एवढ्यावर कोणतीही गोष्ट स्वीकारू नका, असे बुद्धांनी कालामांना सांगितले. बंद खोलीतला शेक आणि धुरी याच कसोटीवर पाहू या. बाळंतिणीला ऊब हवी, हे खरे. त्यासाठी खोलीत आग हवी, हे खरे नाही. धुरीचा धूर तर बाळाच्या कोवळ्या फुप्फुसांना त्रासच देतो.

आग बाहेर ठेवावी, ऊब आत आणावी:

• पाणी अंगणात तापवावे. रबरी पिशवीत भरून, कापडात गुंडाळून बाळंतिणीच्या कमरेला, पायांना शेक द्यावा.

• बाळाचे अंथरूण अशाच पिशवीने आधी ऊबदार करावे. बाळाला ठेवण्यापूर्वी पिशवी काढून घ्यावी, नाहीतर कातडी भाजते.

• बाळाला टोपरे, मोजे आणि कपड्यांचे दोन-तीन पदर घालावेत. तोंडावर पांघरूण येऊ देऊ नये.

• सर्वांत चांगली ऊब आईच्या अंगाची. उघड्या बाळाला फक्त टोपरे-लंगोट ठेवून आईच्या उघड्या छातीशी धरावे आणि वरून शाल घ्यावी. आई थकली असेल तर वडिलांनी किंवा आजीने धरावे. कमी वजनाच्या बाळांसाठी दवाखान्यातही हाच उपाय करतात.

• पत्र्याखाली जाड कापड किंवा गोणपाटाचे छत बांधावे. जमिनीवर चटई, त्यावर गोधडी घालावी. वारा अडवावा, पण वरचा झरोका उघडा ठेवावा.

• शेकोटी अंगणात किंवा उघड्या ओट्यावर करावी. झोपण्यापूर्वी पाणी ओतून पूर्ण विझवावी.

शंका आली तर

एकाच खोलीतल्या सगळ्यांचे डोके एकदम दुखू लागले, मळमळले आणि बाहेर आल्यावर बरे वाटले, तर शेगडीचा संशय घ्यावा. हे अन्नातून बाधल्यासारखे वाटते. काही घरांत ‘बाहेरचे लागले’ म्हणून अंगारा लावण्यात वेळ जातो. तो वेळ जिवावर बेततो.

दार-खिडक्या सताड उघडाव्यात, माणसाला मोकळ्या हवेत आणावे आणि १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. डॉक्टरांना “खोलीत शेगडी होती” हे आवर्जून सांगावे, कारण बोटाला लावायचे यंत्र अशा वेळी प्राणवायू ठीक असल्याचे दाखवू शकते. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा कमी व्हायला चार-पाच तास लागतात. मास्कने शुद्ध प्राणवायू दिल्यास साधारण एक ते दीड तासात तेवढे होते. म्हणून रुग्णाला बरे वाटले तरी दवाखान्यात न्यावेच.

विहारातल्या रविवारच्या वंदनेनंतर महिला मंडळाने हा विषय पाच मिनिटे जरूर बोलावा. ज्या घरी बाळंतीण आहे तेथे शेजारणींनी जाऊन शेगडी कोठे ठेवली आहे ते पाहावे. प्राणिमात्राची हत्या करू नये, हे शील आपण रोज ग्रहण करतो. आपल्या हातून नकळतही कोणाचा जीव जाऊ नये ही दक्षता त्याच शीलात येते.

भवतु सब्ब मंगलं!