चैत्रातील सणाचे पान : आहारदृष्टीने नियोजन

चैत्र शुद्ध प्रतिपदेस गुढी उभारली जाते, तेव्हा रब्बीचा नवा हरभरा व नवा गहू नुकताच घरात आलेला असतो. गुऱ्हाळांचा हंगाम सरत आलेला असतो आणि आंब्याला कैऱ्या लगडलेल्या असतात. पाडव्याची पुरणपोळी, चैत्रागौरीच्या हळदीकुंकवाची वाटली डाळ व पन्हे हे पदार्थ याच उपलब्धतेतून रूढ झालेले दिसतात. सणाचे जेवण आरोग्यास पोषक करावयाचे, तर परकीय पाकक्रियांची गरज नाही. परंपरेतील काही प्रमाणे बदलावी लागतील आणि काही विसरलेल्या गोष्टी पुन्हा पानात आणाव्या लागतील, इतकेच.

हा विचार निकडीचा का झाला, हे दोन आकड्यांवरून ध्यानात येईल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. दुसरीकडे, भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात देशातील मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख असल्याचा अंदाज मांडण्यात आला. एकाच पंगतीत एकास साखर अधिक होते व दुसरीस लोह अपुरे पडते, अशी ही स्थिती आहे.

पुरणाचे गणित

पुरणपोळीस केवळ गोड पदार्थ मानणे अन्यायाचे होईल. हरभऱ्याच्या डाळीत शंभर ग्रॅममागे सुमारे २१ ग्रॅम प्रथिने असतात. गव्हाच्या प्रथिनात लायसिन या घटकाची जी उणीव असते ती डाळ भरून काढते, आणि डाळीतील उणीव गहू भरून काढतो. पोषणाच्या दृष्टीने ही जोडी उत्तमच म्हटली पाहिजे. प्रश्न आहे तो गुळाचा.

एक किलो डाळीस एक किलो गूळ हे प्रमाण अनेक घरांत चालते. त्यात पंचवीस पोळ्या झाल्या, असे धरले तर प्रत्येक पोळीत ४० ग्रॅम गूळ येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार दोन हजार कॅलरी आहार घेणाऱ्या प्रौढाने दिवसभरात वरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या आत ठेवावी. यात गूळही धरावयाचा असतो. म्हणजे दोन पोळ्यांतच ही मर्यादा ओलांडली जाते. पन्हे, श्रीखंड वा चहा यांचा हिशेब वेगळाच. हेच प्रमाण किलोस सहाशे ग्रॅमवर आणल्यास दोन पोळ्यांतील गूळ ४८ ग्रॅम होतो. जायफळ-वेलदोड्याने चव सावरते. शिवाय गूळ अधिक झाला की पुरण सैल पडते व पोळी फुटते, हे सुगरणींना सांगावयास नकोच. शिक्षकांना हा हिशेब सहावी-सातवीच्या वर्गात त्रैराशिकाचे उदाहरण म्हणून सहज घेता येईल. मुले तो घरी नेतात, आणि घरातील वजनकाटा मग पाडव्याला बाहेर निघतो.

गुळाने रक्त वाढते, हा समज मात्र दुरुस्त केला पाहिजे. गुळात लोह असते, परंतु ते थोडे व गुळागणिक कमीजास्त असते. रक्तक्षयावर गूळ हा उपचार नव्हे. त्यासाठी आरोग्य उपकेंद्रातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या नियमितपणे घ्याव्या लागतात, आणि गुळाची साखर तर शरीरात साखरेसारखीच वागते.

ज्या घरी श्रीखंड-पुरीचा बेत असतो तेथे चक्क्याइतकीच साखर घालण्याऐवजी निम्मी घालावी. चक्क्याचे निथळलेले पाणी टाकून न देता कणीक भिजविण्यास वापरावे.

पानाची डावी बाजू

केळीच्या पानावर मीठ, लिंबू, चटणी व कोशिंबीर डावीकडे, तर भाज्या व उसळ उजवीकडे वाढण्याची आपली रीत विचारपूर्वक आखलेली आहे. काळाच्या ओघात डावी बाजू आक्रसली, उजवीकडे बटाट्याची भाजी तेवढी उरली, आणि कुरडई, पापड व भजी यांनी जागा व्यापली. सणाच्या पानात तळणाचा एकच प्रकार ठेवावा. बटाट्याच्या जोडीस माठ किंवा चाकवत यांसारखी पालेभाजी व मोड आलेल्या मटकीची उसळ असावी. पुरणाची डाळ शिजविलेल्या पाण्यात ब गटातील जीवनसत्त्वांचा अंश उतरतो. त्यामुळे कटाची आमटी ही काटकसर तर खरीच, पण पोषणाचीही गोष्ट होय.

कैरीकडे विशेष लक्ष द्यावे. डाळी व पालेभाज्यांतील लोह शरीरात सहजी शोषले जात नाही. क जीवनसत्त्वाच्या सान्निध्यात ते अधिक शोषले जाते. हे जीवनसत्त्व उष्णतेने घटते. म्हणून उकडलेल्या कैरीच्या पन्ह्यापेक्षा कच्ची कैरी किसून घातलेली वाटली डाळ या दृष्टीने सरस ठरते. लिंबाची फोडही शोभेसाठी नसून पिळण्यासाठी आहे. जेवणावर लगेच घेतलेला चहा मात्र लोहाच्या शोषणात अडथळा आणतो. तो तासाभराने घ्यावा.

गावजेवणाची जबाबदारी

रामनवमी व हनुमान जयंतीस गावोगावी महाप्रसाद होतो. हा काळ उन्हाचा व पाणीटंचाईचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील लोणार तालुक्यात हरिनाम सप्ताहात एकादशीस भगर व आमटीचा प्रसाद घेतल्यावर शेकडो भाविकांना विषबाधा झाली आणि अनेकांना उघड्यावर सलाईन लावावे लागले. उपवासासाठी सुटे, जुने भगरीचे पीठ घेऊ नये. भगर बंद पाकिटातील, तारीख पाहून घेतलेली व निवडून स्वच्छ केलेली असावी.

शिजलेले अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात जंतूंच्या वाढीस अनुकूल ठरते. रात्री शिजविलेला भात दुपारच्या पंगतीस वाढणे म्हणूनच धोक्याचे होय. स्वयंपाक पहाटे आरंभून दोन तासांत वाढला जावा. हातावर जखम असलेल्या वा जुलाब होत असलेल्या व्यक्तीस वाढपाचे काम देऊ नये, कारण काही जंतूंचे विष पदार्थ पुन्हा उकळूनही नष्ट होत नाही. टँकरच्या पाण्यात टीसीएल पावडर मिसळून अर्धा तास जाऊ द्यावा व जलसुरक्षकाकडून ओटी चाचणी करून घ्यावी. पाणी ओगराळ्यानेच काढावे. प्रत्येक पदार्थाचा थोडा नमुना स्वच्छ, झाकलेल्या भांड्यात चोवीस तास थंड जागी ठेवल्यास प्रसंगी कारण शोधता येते. धार्मिक व सामाजिक समारंभांत अन्न वाटणारेही २०११ च्या अन्नसुरक्षा विनियमांनुसार नोंदणीच्या कक्षेत येतात, याची अनेक उत्सव समित्यांना कल्पना नसते. ग्रामपंचायतीने ती आधीच द्यावी.

एक बाब पंगतीच्या क्रमाची. पुरुषांची पंगत आधी, स्त्रियांची शेवटी, हा क्रम पुष्कळ गावांत अद्याप पाळला जातो. शेवटच्या पंगतीपर्यंत उसळ व भाजी संपलेली असते आणि भात व गोड तेवढे उरते. घरातही पोळ्या लाटणारी स्त्री सर्वांच्या मागून जेवते. ज्यांना लोहाची गरज सर्वाधिक, त्यांच्याच पानातून लोह देणारे पदार्थ असे गळतात. उत्सव समितीने स्त्रियांची पंगत बरोबरीने बसवावी. ते शक्य नसेल तेथे उसळीचे व पालेभाजीचे एक पातेले आरंभीच बाजूस काढून, झाकून, मंद आचेवर गरम ठेवावे आणि त्याची जबाबदारी अंगणवाडी सेविका वा आशा कार्यकर्तीकडे नावानिशी सोपवावी.