जनुकीय वाचनातील चुका आणि त्यांची दुरुस्ती

सजीवाची आनुवंशिक माहिती डीएनए या रेणूत साठविलेली असते. ए, सी, जी व टी या चार अक्षरांनी दर्शविल्या जाणाऱ्या घटकांच्या क्रमात ती सामावलेली असते. हा क्रम वाचण्याची एक प्रभावी पद्धत फ्रेडरिक सँगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केली. आजची यंत्रे डीएनएचे कोट्यवधी लहान तुकडे एकाच वेळी वाचतात. मात्र वाचताना त्यांच्याकडून चुकाही होतात.

चुकांचे प्रमाण

मानवाच्या जनुकसंचात सुमारे ३०० कोटी अक्षरे असतात. प्रत्येक अक्षर सरासरी ३० वेळा वाचावयाचे ठरविल्यास ९,००० कोटी अक्षरे वाचावी लागतात. हजारी एकच चूक धरली, तरी एकूण चुका ९ कोटी होतात.

दुरुस्तीची रीत

एकाच पोथीच्या अनेक नकला ताडून पाहिल्या म्हणजे लेखनिकाची चूक उघड होते. संगणकाची आज्ञावली हेच तत्त्व वापरते. प्रत्येक वाचनातून ती एकेका अक्षराने पुढे सरकत, समजा, २१ अक्षरांचे तुकडे घेते आणि प्रत्येक तुकडा किती वेळा आढळला हे मोजते. वाचने १०० अक्षरांची असल्यास खरा तुकडा सरासरी २४ वेळा आढळतो. चुकीचा तुकडा बहुधा एकदाच. एखादे अक्षर बदलताच असा विरळ तुकडा वारंवार आढळणाऱ्या तुकड्याशी जुळत असेल, तर ते अक्षर दुरुस्त केले जाते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेली 'क्वेक' ही आज्ञावली याच पद्धतीची असून, यंत्राने प्रत्येक अक्षरास दिलेला विश्वासार्हतेचा अंकही ती विचारात घेते.

विरळ म्हणजे चुकीचे नव्हे

क्षयरोगाच्या जंतूतील आरपीओबी जनुकाच्या ४५० व्या तीन अक्षरी संकेतात टीसीजीऐवजी टीटीजी आले, की तो जंतू रिफॅम्पिसिन या औषधास दाद देत नाही. बदल अवघ्या एका अक्षराचा असतो. रुग्णाच्या नमुन्यात असे जंतू शेकडा चार-पाचच असतील, तर आज्ञावली तो बदल चूक समजून पुसून टाकण्याचा संभव असतो. अशा वेळी अहवाल निर्दोष दिसतो आणि उपचार चालू असतानाच प्रतिरोधी जंतू वाढत राहतात.

यास्तव एका जीवाचा संपूर्ण जनुकसंच जुळविताना उपयुक्त ठरणारी ही दुरुस्ती मिश्र नमुन्यास सरसकट लावणे योग्य नव्हे. मूळ वाचने जतन करणे, दुरुस्तीपूर्वीचे व नंतरचे निष्कर्ष ताडून पाहणे आणि शंका येताच औषधाची प्रयोगशाळेत प्रत्यक्ष चाचणी घेणे अगत्याचे आहे.