लाकडी चाटूवरची कोळशाची रेघ

गेल्या सत्रात मंडळाच्या बैठकीला प्रत्येकाने घरातली एक जुनी वस्तू आणायची होती. मी आजीचा चाटू आणला होता. त्याच्या दांड्यावरची फसलेली नक्षी बघून बऱ्याच जणांनी विचारलं, "हे काय करून ठेवलंयस?" तेव्हा वेळ कमी पडला. आता सविस्तर सांगतो, म्हणजे तुमच्यापैकी कुणी हे करायला घेतलं तर निदान माझ्या चुका तरी टळतील.

या कलेचं नाव कोलरोसिंग. ती नॉर्वे-स्वीडनकडची. 'कोल' म्हणजे कोळसा आणि 'रोसिंग' म्हणजे नक्षीने सजवणं. आपल्या 'कोळसा' शब्दाशी आवाज जुळतो, त्यामुळे नाव लक्षात ठेवायला सोपं. लाकडी चमचे, पेले, डब्या अशा रोज हातात येणाऱ्या वस्तूंवर ही नक्षी करतात. आपल्याकडच्या देव्हाऱ्यावरच्या कोरीवकामात लाकूड काढून टाकून आकार उठवतात. इथे लाकडाचा कणही निघत नाही. चाकूच्या टोकाने नुसती बारीक चीर द्यायची, मिलिमीटरभरही खोल नाही, आणि तिच्यात काळी किंवा तपकिरी पूड भरायची.

चीर दिल्या दिल्या पाहाल तर काहीच दिसत नाही. आपण काय काढलंय ते आपल्यालाच कळत नाही. बोटाने पूड चोळली की अख्खं चित्र एकदम समोर येतं. खरं सांगायचं तर त्या एका क्षणासाठीच मी या नादाला लागलो.

पूर्वी कोळशाची पूड किंवा वाळलेल्या सालीचा भुगा वापरत. आता बरेच जण कॉफीची बारीक पूड वापरतात. दालचिनीही चालते, तीही शेवटी सालच. मी एकदा हळद लावून पाहिली. रेघ राहिली बाजूला आणि सगळा चमचाच पिवळा झाला.

युरोपच्या उत्तर टोकाला राहणारे सामी लोक रेनडिअरच्या शिंगावर आणि हाडावर याच जातीची नक्षी करतात. बर्च झाडाच्या खोडावर आलेली गाठ पोखरून ते 'गुक्सी' नावाचा पेला बनवतात. गाठीत लाकडाचे रेषे गुंतलेले असतात, म्हणून तो सहसा तडकत नाही. त्याच्या मुठीवर पुष्कळदा नक्षीदार शिंगाचा तुकडा बसवलेला असतो. रेघांत भरायचा तांबूस रंग अल्डर झाडाच्या सालीचा. ती साल चावून लाळेत मिसळली की रंग सुटतो. दक्षिणेकडच्या सामींची नक्षी भौमितिक, चौकटी आणि नागमोडी रेघांची. उत्तरेकडे पानाफुलांची वळणं जास्त. जाणकार नक्षी पाहून माणूस कुठल्या भागातला ते ओळखतात. त्या थंड मुलखात हातकामाला शाळेतही जागा मिळाली. उनो सिग्नेउस यांच्या आग्रहामुळे फिनलंडने १८६६ मध्ये लोकशाळांत हस्तकला सक्तीची केली.

आता माझी फजिती. आमचे आजोबा सुतार होते. दाराच्या चौकटीतून उरलेल्या सागाच्या तुकड्यातून त्यांनी आजीसाठी हा चाटू केला होता. आजोबा गेल्यावर मला वाटलं, दांड्यावर वेल काढून खाली त्यांचं नाव घालावं. आजी म्हणाली, "काय करायलास रे? आमटी ढवळायला नक्षी कशाला पायजे?" मी ऐकलं नाही.

पहिली चूक लाकडाची. सागाला डोळ्यांना दिसतील एवढी छिद्रं असतात. कॉफीची पूड रेघेत गेली तशी प्रत्येक छिद्रातही गेली आणि सगळा दांडा मळकट दिसू लागला. लाकूड फिकट आणि बारीक पोताचं हवं. तिकडे बर्च किंवा मेपल घेतात. आपल्याकडे सरावाला हळदू चांगला. काळा कुडाही, म्हणजे चन्नपट्टणच्या खेळण्यांचं ते पांढरं लाकूड. वर आधी तेलाचा पातळ हात देऊन वाळवलं, तर पूड नको तिथे कमी चिकटते.

दुसरी चूक हाताची. रेषांना आडवी चीर दिली तर ती ठळक उमटते. रेषांच्या दिशेने दिली तर चाकूला लाकूडच ओढून नेतं, आणि चीर मिटूनही जाते. माझा वेल तसाच भरकटला आणि आजोबांच्या नावातल्या काना-मात्रा एकमेकांत घुसल्या. शाईची चूक खोडता येते, चिरेची नाही. फार तर तेवढा थर घासून काढायचा, आणि आजोबांनी रंधलेलं लाकूड घासायला माझा हात धजला नाही.

पातं दोन्ही बाजूंनी धार असलेलं आणि आखूड घ्या. पेनसारखं धरा, उभं ठेवा, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने मागून रेटा द्या. वळण आलं की चाकू नाही, चमचा फिरवायचा. दोन चिरा फार जवळ घेतल्या तर मधली कपची उडते. पूड भरल्यावर चारशे नंबरच्या पॉलिशपेपरने हलकंसं घासा, पुसा आणि जवसाचं तेल लावा. तेलाने रेषे फुगून चीर पुडीवर मिटते, म्हणून धुतली तरी ती लवकर जात नाही. खोबरेल नको, ते वाळून घट्ट होत नाही.

आजी अजून त्याच चाटूने आमटी ढवळते. छिद्रांत आता कॉफीच्या जोडीला हळद बसलीय. भरकटलेल्या वेलाकडे बघून ती एकदा म्हणाली, "तुझ्या आज्याचं अक्षर पण असंच होतं."

हळदूची एक फळी मी मंडळाच्या खोलीत ठेवली आहे. तिच्यावर आडव्या रेघा काढून हात बसवा, उभ्या नंतर. चाकू मात्र माझ्याकडून मागून घ्या.