दुखेल, असं त्याला आधी सांग

चि. सौ. मृणाल हिस,


अर्णवच्या ल्युकेमियाचा दोष तू स्वतःला देते आहेस, असं ताई म्हणाली. लहान मुलांना हा आजार आईच्या हयगयीने किंवा खाण्यापिण्यातल्या चुकीने होत नाही. पण चार वर्षांच्या मुलालाही वाटू शकतं, की मी हट्ट केला म्हणून मला सुया टोचतात. त्याने विचारायची वाट न पाहता सांग, ‘तुझ्यामुळे काही झालेलं नाही.’

लहान मुलांच्या कॅन्सर वॉर्डात इतकी वर्षं परिचारिका होते, त्यावरून तुला कळकळीने एकच सांगते. त्याला कधीही फसवू नकोस. ‘काही दुखणार नाही’ म्हणून सुई टोचली, की मूल पुढच्या वेळी आईवरही विश्वास ठेवत नाही. ‘दुखेल, पण थोडाच वेळ. मी हात धरून बसते,’ एवढं म्हण. उपचार दोन-अडीच वर्षं चालतील. तोवर तुझ्या शब्दावर त्याचा भरवसा हवाच.

स्टेरॉइड चालू असताना तो अपरात्री वरणभात मागेल, चिडेल, रडेल. ते औषधामुळे होतं, म्हणून रागावू नकोस. पण मारणं, थुंकणं चालवून घेऊ नकोस. घरातले सगळे नियम सैल झाले, तर आपल्याला काहीतरी भयंकर झालंय असं मुलाला वाटतं. त्याच्या बहिणीला, ईशालाही खरं सांग आणि रोज थोडा वेळ फक्त तिच्यासाठी ठेव.

दोन बाबतींत मात्र कडक राहा. रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा काउंट कमी असताना जंतुसंसर्ग काही तासांत जिवावर बेतू शकतो. ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला, तर घरी पॅरासिटामॉल देऊन वाट पाहू नकोस. रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटल गाठ. दुसरं, मेंटेनन्सच्या, म्हणजे पुढे दीर्घकाळ चालणाऱ्या गोळ्या. केस परत येतील, पोर अंगणात धावेल आणि घरातलंच कुणीतरी म्हणेल, ‘आता कशाला एवढी औषधं?’ तू ऐकू नकोस. गोळ्या चुकल्या की रोग उलटण्याचा धोका वाढतो. पूर्ण उपचार घेतलेली बहुसंख्य मुलं या आजारातून बरी होतात.

पैशांची चिंता मनात ठेवू नकोस. हॉस्पिटलच्या समाजसेवकांना भेट आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी कर.

परवा पाठीतलं इंजेक्शन आहे. भूल देण्याआधी उपाशी का राहायचं आणि जागा झाल्यावर जवळ कोण असेल, हे त्याला आदल्या रात्रीच सांग. आणि ज्याचं नाव सांगशील, तो माणूस तिथे असलाच पाहिजे.

तुझी,
मावशी