‘नाही नाही’ म्हणजे नेमकं काय?

मावशी दारात लसूण सोलत बसल्या होत्या. आमच्या सर्वेवाल्या मुलीनं विधान वाचलं, “इथल्या लोकांचं एकमेकांशी पटत नाही. सहमत की असहमत?” मावशी मान हलवत म्हणाल्या, “नाही नाही.” मुलीनं ‘असहमत’वर खूण केली आणि पुढं गेली. मी नुसती देखरेखीला बसले होते. सहज विचारलं, “म्हणजे पटतं ना, मावशी?”

“पटतंय कुठलं! परवाच नळावर हंडे आपटले. म्हणून तर म्हणलं, नाही पटत.”

फॉर्मवर मात्र ती गल्ली गुण्यागोविंदानं नांदत होती. तोवर दोनशेहून जास्त घरं झाली होती आमची.

पुण्यातल्या एका टेकडीच्या उतारावरची वस्ती. माझा पहिलाच स्वतंत्र सर्वे. माणसाच्या उदासीचा शेजाराशी काही संबंध असतो का, हे पाहायचं होतं. उदासीसाठी लेनोर रॅडलॉफ यांची १९७७ची सीईएस-डी ही वीस विधानांची प्रश्नावली घेतली. शेजारासाठी शिकागोची मोजपट्टी. तिथं १९९५ साली झालेल्या सर्वेवरून सॅम्पसन, रॉडनबुश आणि अर्ल्स यांनी १९९७मध्ये ‘सायन्स’मध्ये लेख लिहिला होता, शेजाऱ्यांचा एकमेकांवर भरवसा किती आणि वेळ आली तर ते मध्ये पडतील का, हे त्यातून मोजतात. दोन्ही नावाजलेल्या, हजारो लोकांवर वापरलेल्या. आपण फक्त मराठी करायचं, असं धरून मी एका रात्रीत भाषांतर उरकलं. उलट भाषांतर करून मूळ मजकुराशी ताडून पाहिलं नाही की वस्तीतल्या चार बायकांना आधी वाचून दाखवलं नाही.

उलटी विधानं मुद्दाम घातलेली असतात, सगळ्यालाच ‘हो’ म्हणणारी माणसं सापडावीत म्हणून. पण आपल्या बोलण्यात ‘नाही’चे अर्थ दोन, आणि ‘सहमत’ हा शब्द तर सोसायटीच्या मीटिंगबाहेर कोण वापरतं? आता मी मुलींना सांगते, नुसतं हो किंवा नाही लिहून घ्यायचं नाही. आधी बाजू विचारायची, “पटतं की पटत नाही?” मग जोर, “अगदीच, की थोडंफार?” आणि खूण करण्याआधी उत्तर त्यांना परत ऐकवायचं.

सीईएस-डीतही चार विधानं सरळ आनंदाची आहेत, त्यांचे गुण उलटे धरावे लागतात. त्यातलं एक, मी इतरांइतकीच चांगली आहे, या अर्थाचं. बायका हसायच्या, पदर तोंडाशी न्यायच्या. “स्वतःच्या तोंडानं कसं सांगायचं, ताई?” आकडेमोड केली तर हे विधान बाकीच्यांबरोबर चालेचना. मी ते गुपचूप काढून टाकलं आणि उरलेल्या एकोणीसांनाही मूळचीच रेषा लावली. साठपैकी सोळा किंवा जास्त गुण असले की उदासीची शक्यता धरतात, ती रेषा. माझ्या मार्गदर्शक बाई म्हणाल्या, “फूटपट्टी अकरा इंचांवर कापलीस आणि तरी फूटच म्हणतेस?” वर मी अहवालात या बायकांना ‘नैराश्याच्या रुग्ण’ लिहिलं होतं. ती रेषा चाळणीची आहे, निदानाची नाही. आणि चाळणीची भोकंही जागेवर तपासावी लागतात. गोव्यात विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच प्रश्नावल्या दवाखान्यात आलेल्या लोकांवर वापरून, स्वतंत्र मुलाखतीच्या निदानाशी ताडून पाहिल्या होत्या. मी ते वाचलं होतं. वापरलं नाही.

शिकागोच्या एका प्रश्नात जवळचं अग्निशमन केंद्र बंद पडायची वेळ आली तर लोक काही करतील का, असं आहे. आमच्या वस्तीत बंबाचं तोंड कुणी पाहिलेलं नव्हतं. मी त्या जागी सार्वजनिक नळ घातला. सगळे म्हणाले, करू की, मोर्चा नेऊ! प्रश्न जिवंत झाला, पण शिकागोशी तुलना गेली. तुम्हाला बदलायचंच असेल तर मूळ प्रश्न राहू द्या, आपला त्याच्याखाली वेगळ्या क्रमांकानं जोडा, आणि अहवालात तसं लिहा.

सगळ्यात मोठी चूक मात्र शेवटी कळली. ‘तुमची वस्ती’ म्हणजे कुठून कुठवर, हे आम्ही विचारलंच नव्हतं. कुणी आपली गल्ली धरली, कुणी अख्खी टेकडी. शिकागोत ३४३ भागांतून ८,७८२ लोक होते, म्हणजे भागाला सरासरी पंचवीस तरी. शेजाराचं माप अनेकांच्या उत्तरांतून बनतं. मी गल्लीत तीन-चार घरं घेऊन गल्लीला गुण देत बसले होते.

एकखोलीच्या घरात सासू ऐकत असताना सुनेला ‘गेल्या आठवड्यात रडू आलं का’ विचारू नका; पाणी भरायच्या वेळी ती बाहेर भेटते. आणि तिच्या वतीनं दुसऱ्या कुणाचं उत्तर घेऊ नका. ती रडलीच तर पुढं काय, हे आधी ठरवलेलं असू द्या. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर आमच्या मुलींच्या पिशवीत आता छापील चिठ्ठीवर असतो.

ती दोनशे घरं आम्ही पुन्हा केली, फक्त दोन उलट्या विधानांसाठी. मावशी म्हणाल्या, “आता पटतं हो. दुसरा नळ आला ना.” खरं उत्तर होतं, पण दोन महिन्यांनंतरचं. जुन्यावर न खोडता ते वेगळ्या रकान्यात भरलं, तारीख घालून.