तिसऱ्या कार्डाआधी

मृण्मयी,

ताईचा फोन आला होता. तू तिसरं क्रेडिट कार्ड घेते आहेस आणि दुसऱ्याचं बिल सध्या नुसतं ‘मिनिमम’ भरून पुढे ढकलते आहेस, असं तिच्या कानावर आलंय. कुणी सांगितलं ते विचारू नकोस, पुण्यात आपली माणसं थोडी नाहीत. कार्डं किती असावीत यावर मी भांडणार नाही, पण ‘मिनिमम’ हे ऐकून जीव धास्तावला. नवं कार्ड कॅशबॅकचं घ्यावं की पॉइंटांचं, असं तू विचारत होतीस म्हणे. त्याचं उत्तर देतो, पण त्याआधी एका गोष्टीचा निकाल लागला पाहिजे: महिन्याचं बिल तू पूर्ण भरतेस की नाही? जो पूर्ण भरत नाही त्याच्यासाठी बाजारात एकही योग्य कार्ड नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

बिल 50,000 रुपयांचं आलं असं धर. त्यातले साधारण 5 टक्के, म्हणजे 2,500 रुपये भरले की उशिराचा दंड टळतो आणि माणसाला वाटतं, या महिन्याचं भागलं. उरलेल्या 47,500 वर दरमहा साडेतीन टक्क्यांनी सुमारे 1,660 रुपये व्याज होतं, त्या व्याजावर 18 टक्के जीएसटीचे आणखी 300. जवळजवळ 1,960 रुपये जातात आणि मूळ रक्कम जागची जेमतेमच हलते. शिवाय व्याज खरेदीच्या तारखेपासून धरतात, बिल भरायच्या शेवटच्या तारखेपासून नव्हे. बाकी थकली की नव्या खरेदीची बिनव्याजी मुदतही जाते, मग आज आणलेल्या तूरडाळीवर आजपासूनच व्याज. आता दुसरी बाजू बघ. याच 50,000 वर दीड टक्का कॅशबॅक मिळाला तर होतात 750 रुपये. दुकानातल्या उधारीच्या वहीला व्याज नव्हतं, या कार्डाच्या वहीला वर्षाकाठी चाळीस टक्क्यांच्या वर आहे. ग्राहक आयोगाने 2008 मध्ये 30 टक्क्यांवरचं व्याज अनुचित ठरवलं होतं. तो निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये रद्द केला, त्यामुळे तोही आडोसा उरलेला नाही. फक्त किमान रक्कम भरत राहिल्यास फेड महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं लांबते, हा इशारा प्रत्येक बिलावर ठळक छापायला रिझर्व्ह बँकेनेच लावलं आहे. तुझ्या बिलावरही तो असेल. वाचलास का?

तू म्हणशील, मामा, कार्डाने पैसे वाचतातच. बिल भरेपर्यंत पगार खात्यात राहतो, सिबिलचा स्कोअर सुधारतो, पॉइंट मिळतात ते वेगळेच. हे सगळं खरं आहे, पण पूर्ण बिल भरणाऱ्यासाठी. सिबिलला वेळेवर फेडलेलं एक जुनं कार्ड पुरतं. प्रत्येक नव्या अर्जाची चौकशी तिथे नोंदली जाते आणि मर्यादेच्या टोकापर्यंत वापरलेलं कार्ड स्कोअर खाली ओढतं. पैसे वाचण्याचंही तसंच. एमआयटीतल्या द्राझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांचा 2001 मधला अभ्यास आहे. बास्केटबॉलच्या तिकिटांसाठी त्यांनी बोली लावायला सांगितली, तेव्हा कार्डाने पैसे द्यायचे असलेल्यांची बोली रोख देणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट गेली. हा कुणा एकाचा उधळेपणा नव्हे. खिशातून नोट जाताना जे बोचतं ते कार्डाने देताना बोचत नाही, म्हणून हात सैल सुटतो. दोन टक्के परत मिळवायला वीस टक्के जास्त खर्च झाला तर त्याला बचत कसं म्हणायचं? ‘नो कॉस्ट ईएमआय’चंही नीट बघ. व्याजाएवढी सूट देतात, पण व्याजावरचा जीएसटी आणि बहुतेकदा प्रोसेसिंग फी आपल्याच माथी येते.

आता कार्ड कोणतं घ्यावं, या तुझ्या प्रश्नाकडे येतो. कार्डाची जाहिरात बाजूला ठेव आणि आधी स्वतःची गेल्या सहा महिन्यांची स्टेटमेंटं काढ. तुझा पैसा जातो घरभाड्यात, किराण्यात, ऑनलाइन जेवणात आणि स्कूटीच्या पेट्रोलमध्ये. भाडं कार्डाने भरलं तर बऱ्याच बँका वर सुमारे एक टक्का शुल्क घेतात आणि पॉइंटही देत नाहीत, म्हणून ते खात्यातूनच जाऊ दे. पेट्रोलवरचा एक टक्का सरचार्ज माफ झाला तर महिन्याच्या 1,500 रुपयांवर वाचतात 15 रुपये. त्यासाठी वेगळं कार्ड कशाला? तू कोल्हापूरला येतेस बसने, मग विमानतळावरच्या लाउंजचे पैसे वार्षिक शुल्कातून का भरायचे? त्या शुल्काचाही हिशेब मांड. 999 वर जीएसटी धरून 1,179 रुपये होतात, आणि एक टक्का परतावा देणाऱ्या कार्डावर तेवढे वसूल व्हायलाच जवळजवळ 1,18,000 खर्चावे लागतात. वर्षात दोन लाख खर्चलेस तर शुल्क माफ, असं सांगतील. महिना 12,000 खर्चणाऱ्याने त्यासाठी 56,000 रुपयांची जास्तीची खरेदी करणं हा शुद्ध तोटा. तुला हवं आजन्म विनाशुल्क, किराणा आणि ऑनलाइन खरेदीवर सरळ पैशांत परतावा देणारं कार्ड. त्यातही परताव्याला महिन्याची कमाल मर्यादा किती, हे आधी बघायचं. रुपे असेल तर यूपीआयला जोडता येतं, पण भाजीवाल्याकडेही उधारी सुरू होणार असेल तर जोडू नकोस. आणि ऑटोपे लावताना ‘टोटल ड्यू’ निवड. तिथे ‘मिनिमम’चाही पर्याय असतो आणि घोळ तिथेच होतो.

लिहिता लिहिता आवाज चढला असेल, मनावर घेऊ नकोस. हा सगळा हिशेब तुझ्या वयात मला कुणी समोर बसवून सांगितला असता तर फार बरं झालं असतं, म्हणून एवढं लिहिलं. तू कष्टाने कमावतेस, घरी पैसे पाठवतेस, हे मी विसरलेलो नाही. त्यातूनच ही बाकी साचली असेल तर मान खाली घालायचं काहीच कारण नाही. दुसरं कार्ड आजपासून वापरू नकोस. मोडता येण्यासारखी एफडी असेल तर मोड, नाहीतर बँकेचं वैयक्तिक कर्जही या व्याजापेक्षा पुष्कळ स्वस्त पडतं. सगळं फेडल्यावर कार्ड बंद करायचा अर्ज दिलास की सात कामकाजाच्या दिवसांत बँकेला ते बंद करावंच लागतं, नाहीतर दिवसाला 500 रुपये तीच तुला देणं लागते. तोवर तिसऱ्याचा अर्ज थांबव.

थकलेला आकडा किती आहे तो मला कळव. खरा कळव, कमी करून नको. ताईला मी सांगणार नाही आणि तुला रागावणारही नाही. आपण दोघं मिळून फेडू. रविवारी सकाळी घरीच आहे, फोन कर.

तुझा,
मामा